जावयाची खंडेनवमी

अठरा वर्षं प्रेसवर काढूनही हैबतीच्या दोन्ही हातांना मिळून दहा बोटं होती. यात काय एवढं, असं ज्याला वाटेल त्यानं प्रेस पाहिलेला नाही. खाली साचा, वर लोखंडाचा ठोकळा. साच्यावर पत्र्याची गोल चकती ठेवायची, पायानं पट्टी दाबायची, ठोकळा धाडकन खाली येतो आणि चकतीचं झाकण होतं. चकती ठेवायला हात आत जातो आणि ठोकळा काही हात निघायची वाट बघत नाही, एवढाच काय तो घोळ. मुंबईला ज्या कारखान्यात हैबती हे काम शिकला, तिथं नवीन माणूस आला की आधी त्याचं गाव विचारायचे आणि मग बोटं मोजायचे.

हैबतीची बोटं राहिली ती देवाच्या कृपेनं, असं त्याची बायको बनुबाई म्हणे. हैबती म्हणे, चिमट्याच्या. हातभर लांबीचा एक चिमटा त्यानं लोहाराकडून ठोकून घेतला होता. चकती चिमट्यानं उचलायची, चिमट्यानंच साच्यावर ठेवायची, हात कायम बाहेर. त्यात वेळ जायचा. बाकीचे तासाला तीनशे झाकणं काढत, तेव्हा हैबतीची अडीचशे व्हायची.

"काय हैबतीदा, भाकऱ्या भाजतोस काय रं?" शेजारच्या प्रेसवरचा महादू ओरडायचा.

"भाजतो. तुला दोन देव काय?" हैबती म्हणायचा, आणि चिमटा काही सोडायचा नाही. माणूस हट्टी. त्यातून गाव कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगराच्या माथ्यावर. एस.टी.तून उतरून चढण चढत घरी जाणाऱ्या माणसाला घाईचं कौतुक कुठून असणार?

हैबतीचा आत्ताचा कारखाना महाडच्या औद्योगिक वसाहतीत होता. वसाहतीत तेव्हा निम्मे प्लॉट भरलेले, उरलेल्यांवर म्हशी चरत. आजूबाजूच्या रंगाच्या नि रसायनांच्या कारखान्यांना लागणारे पत्र्याचे डबे इथं बनत. मालक मुंबईचे, त्यांना सगळे नुसते शेठ म्हणत. ते महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस राज्य मॅनेजर ताम्हणकरांचं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा एक डोळा सतत भिंतीवरच्या घड्याळावर असायचा आणि उरलेला एक माणसांना पुरायचा नाही.

मग मागच्या माघात महादूची दोन बोटं गेली. उजव्या हाताची, मधलं आणि त्याच्या शेजारचं. महादू गडी हसतमुख. हात बरा झाल्यावर तो गोदामात डबे लावायला लागला आणि बोटांचं काय झालं असं कुणी विचारलं की सावित्री नदीतल्या मगरीनं नेली म्हणून सांगायला लागला. दासगावच्या त्याच्या पोरांना ते अजून खरंच वाटतं. पण त्या दिवशी योगायोगानं शेठ कारखान्यात होते आणि त्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना आठ दिवस जेवण गेलं नाही म्हणतात. मुंबईला परत गेले ते ठरवूनच, की आता माणसाचा हात प्रेसमध्ये जाता कामा नये.

पावसाळा सरता सरता ट्रकमधून यंत्र आलं. शेठ त्याला रोबो म्हणाले. सगळ्यांना वाटलं होतं, डोकं आणि पाय असलेलं काहीतरी येणार. आलं ते जमिनीत रोवायचा एक खांब, खांबाला एक आडवा हात आणि हाताच्या टोकाला तीन नख्या. एवढंच. काशीबाई झाडूवाली तर म्हणाली, "हाच काय तो? ह्याच्यापक्षी आमचा बुजगावना बरा."

पण काय थाट त्याचा! सगळ्यात मोठ्या प्रेसशेजारी त्याला बसवलं. दोघांभोवती छातीइतक्या उंचीची जाळी उभारली, जाळीला दार केलं. हवेवर चालतो म्हणून त्याच्यासाठी वेगळी हवेची टाकी आणली. ती हवा कोरडी पाहिजे, तेल अमुकच पाहिजे, धूळ चालणार नाही. माणसांच्या डोक्यावर पंखा नव्हता, त्याच्या विजेच्या पेटीला होता. दोन दिवसांत त्याचं नाव जावई पडलं. मग कुणीच त्याला रोबो म्हणेना. एकदा चुकून ताम्हणकरही फोनवर शेठना म्हणाले, "जावई व्यवस्थित आहेत," आणि मग स्वतःशीच लाजले.

जावई आल्यामुळे आपली नोकरी जाणार, ही धाकधूक सगळ्यांना होतीच. शेठनी येऊन सांगितलं की एकालाही काढणार नाही, प्रेसवरची माणसं डब्यांना कड्या लावायला घेऊ, आणि जावयाकडे एक जाणता माणूस लागेल. जाणता म्हणून त्यांनी हैबतीकडे बोट दाखवलं. ज्याच्या हाताला अठरा वर्षांत ओरखडा नाही, तो पाहिजे म्हणाले. हैबतीच्या आयुष्यात कुणी त्याच्या हळू कामाचं कौतुक केल्याचा हा पहिला प्रसंग. त्या रविवारी कुडपणला गेल्यावर त्यानं बनुबाईला ते तीनदा सांगितलं.

यंत्र शिकवलं जलीलनं. जलील महाडचाच, सहा वर्षं बहारीनला फिटर होता, आईच्या आग्रहानं परत आलेला. अशी यंत्रं त्यानं तिकडं पाहिली होती.

"देख हैबतीदा," जलील म्हणाला. "तू भायेरून चकती सोडायची. ती घसरगुंडीवरून जाते नि आतल्या गोल बैठकीवर बसते. बैठकीखाली खटका हाय. वजन पडलं का खटका दबतो. खटका दबला का हात खाली येतो, तीन नख्यांनी चकतीची कड पकडतो, फिरतो, साच्यावर ठेवतो, मागं होतो. ठोकळा पडतो. खेल खतम."

"आनि चकती नसली तर?"

"तर उभा ऱ्हातो."

"बंद पडतो?"

"नाय. बंद नाय. वाट बघतो."

हैबतीनं त्या हाताकडे नीट पाहिलं. वर उचललेला, नख्या उघड्या, अगदी गप्प. त्याचा जुना प्रेस थांबला की थांबलेला असायचा, पाय पट्टीवर पडेपर्यंत त्याची हालचाल नव्हती. हा थांबला की कळायचंच नाही, झोपला आहे की टपला आहे. हैबतीच्या घरी एक बैल होता, गोठ्यात तासन् तास डोळे मिटून उभा राही. तो बांधलेला आहे की नाही हे दाव्याला हात लावून बघितल्याशिवाय हैबती त्याच्या मागं कधी गेला नव्हता.

"ह्याचं दावं कुटं?" त्यानं विचारलं.

जलीलनं विजेची पेटी दाखवली. पेटीत एक किल्ली होती. ती फिरवून बाहेर काढली की हाताची नि प्रेसचीही वीज बंद, टाकीतली हवाही सुटून जाणार, हात खाली लोंबणार. किल्ली एकच. ती ज्याच्या खिशात, त्याच्या इच्छेशिवाय जावई चालू होणं शक्य नव्हतं. हैबतीला हे फार आवडलं.

ताम्हणकरांना नाही आवडलं. कारण किल्ली काढली की परत हवा भरायला पाव तास जाई. आणि चकती दिवसातून तीनचारदा तरी वाकडी बसून अडकायची. अडकली की हैबती किल्ली काढणार, खिशात घालणार, जाळीचं दार उघडून आत जाणार, चकती सोडवणार, साचा पुसणार, बाहेर येणार, दार लावणार आणि मगच किल्ली परत घालणार. मग पाव तास सगळे हात बांधून बसणार. ताम्हणकरांचा तो घड्याळावरचा डोळा लाल व्हायचा.

"हैबती, हे काय चाललंय? अरे, चकती सोडू नकोस, तो आपोआप उभा राहतो. तेवढ्यात आत जा आणि काढ. अर्ध्या मिनिटाचं काम."

"सायेब, तो उभा हाय. बंद नाय."

"चकतीच नाही तर तो करणार काय? हवेत हात मारेल का?"

बोलण्यात हैबती तसा कच्चाच. पण दुसऱ्या दिवशी चकती अडकली तेव्हा त्यानं किल्ली काढली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ताम्हणकरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ सांगितलं, "दसरा होऊ दे. दसऱ्यानंतरही तुझं हेच चालू राहिलं, तर मशीनवर दुसरा माणूस घेतो. श्रीपत तयार आहे. तो असा भित्रा नाही."

हैबती बाहेर आला तो मान खाली घालून. जावयाचा तसा त्याला लळा लागला होता. पण खरं दुखणं वेगळंच होतं. श्रीपत चोवीस वर्षांचा, चपळ, उडी मारून जाळीच्या आत जाणारा पोरगा. त्याचे दोन्ही हात हैबतीच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपण हट्ट सोडला तर आपला हात त्या नख्यांखाली, आपण हट्ट धरला तर श्रीपतचा. त्याला जेवण गोड लागेना.

अशात खंडेनवमी आली.

कारखान्यात खंडेनवमीला काम बंद, यंत्रांची पूजा. गेली सात वर्षं पद्धत ठरलेली होती. प्रेस पुसायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, ज्या यंत्राची पूजा त्यावरच्या गड्याच्या घरच्या बाईनं ताट आणायचं, ते साच्यावर ठेवायचं, ठोकळ्याला हळदकुंकू लावायचं, ओवाळायचं, नारळ फोडायचा. ताट साच्यावरच का, तर तिथंच आपलं पोट आहे म्हणून. सात वर्षं ताटं साच्यांवर बसली आणि कधी काही झालं नाही, कारण जुने प्रेस पायानं चालायचे आणि पूजेच्या दिवशी पट्टीवर पाय ठेवणार कोण?

यंदा पहिला मान जावयाचा. म्हणजे बनुबाईचा. ती पहाटेची कुडपणहून निघाली, डोंगर उतरली, एस.टी. पकडली आणि नऊच्या ठोक्याला हिरवं लुगडं नेसून फाटकात हजर झाली. काखेत फडक्यात बांधलेलं आईचं पितळी ताट. शेठही शेठाणींना घेऊन आले होते. मुंबईहून फोटो काढणारा आणला होता.

हैबती किल्ली काढायला पेटीकडे निघाला, तर ताम्हणकर पेटीपुढे उभे.

"आज किल्लीला हात लावायचा नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "हवा गेली की हात खाली पडतो, फोटोत मेल्यासारखा दिसेल. आणि पूजा झाल्या झाल्या शेठना मशीन चालवून दाखवायचंय. पाव तास त्यांना उभं करू का मी? चकत्या सगळ्या काढून ठेवल्यात. घसरगुंडी रिकामी आहे. काय होणार आहे?"

"पन सायेब..."

"हैबती, आज नाही."

शेठ दहा पावलांवर हसत उभे होते. आता काय करावं? मालकासमोर मॅनेजरला ढकलून किल्ली काढावी, एवढं धाडस त्याच्यात नव्हतं, हे इथं कबूल करून टाकलेलं बरं.

तोवर बनुबाईनं ताट सजवलं होतं. मधोमध नारळ, बाजूला निरांजन, हळदीकुंकवाचे करंडे, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. जाळीचं दार उघडलं. ती आत शिरली आणि तिनं घरच्या बाईच्या सराईत नजरेनं ताट ठेवायला जागा शोधली. साचा पलीकडं, हाताला लांब. पण अगदी समोर, कमरेच्या उंचीवर, एक गोल, गुळगुळीत, काठ असलेली बैठक. ताटाच्याच मापाची. बनुबाईला वाटलं, बनवणाऱ्यानं पूजेचा किती विचार केला आहे!

ती दोन्ही हातांत ताट धरून वाकली. वर त्या तीन नख्या उघड्या.

"थांब गो!"

हैबती एवढ्या मोठ्यानं ओरडला की फोटोवाल्याच्या हातून बटण दाबलं गेलं. तो धावत आत आला आणि त्यानं बायकोच्या हातातलं पूजेचं ताट हिसकावून घेतलं. दंडाला धरून तिला जाळीबाहेर आणलं. पूजेच्या बाईला! भर खंडेनवमीला! शेठाणींनी हात गालाला लावला.

"आवो, काय झालं काय?" बनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजं काय चुकलं?"

"तुजं नाय काय चुकलं."

"मग?"

ताटाचं वजन खटक्याला पुरेल की नाही, हे हैबतीला तरी कुठं माहीत होतं? एवढंच कळत होतं की जिथं हात घालायला अठरा वर्षं तो स्वतः धजला नाही, तिथं हिचा हात जाता कामा नये.

"हैबती!" ताम्हणकरांचा आवाज चढला. "मुहूर्त चाललाय. मशीन बंद आहे. ताट दे त्यांच्याकडे."

"ताट म्या ठेवतो," हैबती म्हणाला. त्यानं कपाटातून आपला चिमटा काढला. मागून हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "आता पूजापन चिमट्यानं!" महादू तेवढा हसला नाही.

हैबती जाळीबाहेरच उभा राहिला. ताट त्यानं घसरगुंडीच्या वरच्या तोंडाशी ठेवलं आणि चिमट्यानं हळूहळू पुढं सरकवत नेलं. निरांजन डुललं, पण विझलं नाही. ताट बैठकीवर जाऊन अगदी बरोबर बसलं. क्षणभर काहीच झालं नाही. ताम्हणकर म्हणाले, "झालं समाधान?"

खट.

हात खाली आला. तीन नख्यांनी पितळी ताटाची कड धरली. ताट वर उचललं गेलं, नारळासकट, निरांजनासकट, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या हातानं अर्धं वर्तुळ असं काही झोकात घेतलं की शेठाणींनी भाबडेपणानं हात जोडले. त्यांना वाटलं, यंत्रालाच ओवाळायला शिकवलं आहे. ताट साच्यावर बसलं. हात अदबीनं मागं सरला. आणि ठोकळा पडला.

नारळाचं पाणी जाळीबाहेर शेठच्या सफारीपर्यंत उडालं. कुंकवाचा ढग ताम्हणकरांच्या तोंडावर बसला, ते कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल झाले. पलीकडं झाकणं पडायच्या पेटीत काहीतरी खणकन पडलं. जलीलनं धावत जाऊन ते उचललं. पितळेचं, कडेला मुडपलेलं, पाच नंबरच्या डब्याचं झकास झाकण होतं ते. एका बाजूला झेंडूची पाकळी चेपून बसलेली.

पहिलं कोण हसलं कोण जाणे. बहुतेक काशीबाई. मग सगळा कारखाना हसत सुटला. "जावयानं नारळ फोडला!" "जावयानं सोताची पूजा सोताच उरकली!" श्रीपत तर पोट धरून खालीच बसला. शेठही रुमालानं सफारी पुसत हसत होते.

हसणं हळूहळू थांबलं. कुणी थांबवलं नाही. एकेकाच्या ध्यानात येत गेलं की त्या ताटाला धरलेले दोन हात होते, आणि मग एकेक जण बनुबाईकडे बघायला लागला. श्रीपत उठून उभा राहिला. तो हसत नव्हता.

बनुबाई आपल्या हातांकडे बघत होती. हिरव्या बांगड्या, काल रात्री लावलेली मेंदी. हैबती तिच्याजवळ गेला आणि त्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. कुडपणचा माणूस चारचौघांत बायकोचा हात धरत नाही. त्यानं धरला, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चाचपून बघितलं, जणू ती खरोखरच हरवली होती. मग डावा हात घेतला. 

"आवो, लोक बगतात," ती कुजबुजली.

"बगूदेत," हैबती म्हणाला.

महादू पुढं आला. त्यानं आपला तीन बोटांचा हात हैबतीच्या पाठीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

शेठ ताम्हणकरांकडे वळले. "बंद आहे म्हणालात ना?"

ताम्हणकरांचं तोंड कुंकवानं लाल होतं, पण त्याखाली ते पांढरे पडले असणार. "मला वाटलं..." एवढंच ते म्हणाले. त्या माणसाला सबबी सांगताना सगळ्यांनी खूपदा ऐकलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी एकही सांगितली नाही. पेटीकडे गेले, किल्ली फिरवली आणि बाहेर काढली. टाकीतून हवा सुस्कारा टाकत गेली. हात खाली लोंबला. फोटोत खरोखरच मेल्यासारखा दिसला असता.

"हैबती सांगत होता," ते शेठना म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

आता पूजेचं काय, हा प्रश्न होता. अर्धवट पूजा सोडणं बरं नव्हे, असं सगळ्या बायांचं मत पडलं. शेठाणींनी मोटारीतला स्टीलचा डबा दिला, त्याच्या झाकणात पुन्हा हळदकुंकू काढलं. पण बनुबाई जाग्यावरून हलेना.

"वहिनी, आता काही भीती नाही," ताम्हणकर म्हणाले. "किल्ली माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडं का?" बनुबाई म्हणाली. अगदी साधेपणानं विचारलं तिनं. "आत तर मी जानार."

ताम्हणकरांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकाला घट्ट बांधली, पदर कमरेला खोचला आणि ताठ मानेनं जाळीच्या आत गेली. लोंबणाऱ्या हाताला तिनं कुंकू लावलं, तिन्ही नख्यांना एकेक बोट हळद लावली, माळ घातली. मग म्हणाली, "या रे सगळी. आता भ्या नाय."

झुंबडच उडाली. आजवर ज्यांनी जाळीला बोट लावलं नव्हतं तेही आत शिरले. श्रीपतनं जावयाशी हात मिळवला. जलीलच्या आईनं शेवयांची खीर पाठवली होती, ती काशीबाईनं जाळीच्या आतच वाटली. ताम्हणकर तोंड धुऊन आले, त्यांनीही दोन वाट्या खाल्ल्या.

खीर संपली. बाया बाहेर आल्या, गडी बाहेर आले, जाळीचं दार लागलं. शेठ घड्याळ न बघता उभे होते, पण यंत्र चालताना बघायची हौस त्यांच्या तोंडावर दिसत होती. ताम्हणकर बनुबाईपुढे येऊन उभे राहिले. ज्या बाईला सकाळी त्यांनी नमस्कारही केला नव्हता, तिच्यापुढे त्यांनी हात पसरला.

"वहिनी, किल्ली देता का? हवा भरायला घेतो."

बनुबाईचा हात पदराकडे गेला आणि थांबला. "सगळी भायेर आली?"

"आली की."

"मोजा."

"अहो, आत कोणी दिसत नाही."

"सायेब," ती म्हणाली, "मगा तुमाला काय दिसलं नवतं तेबी झालं ना? आदी मानसं मोजा."

आणि ताम्हणकरांनी माणसं मोजली. मोठ्यानं, बोटानं दाखवत. श्रीपत, जलील, महादू, काशीबाई, शेठ, शेठाणी, फोटोवालासुद्धा. कारखान्यातली चौदा, गड्यांच्या घरच्या बाया सहा आणि पाहुणे तीन, म्हणजे तेवीस व्हायला हवीत. झाली बावीस. ते हसले, म्हणाले, स्वतःला विसरलो, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या खेपेला स्वतःला धरून बावीस, आणि मघाशीही स्वतःला धरलंच होतं.

"कोण नाही?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"हां, म्या हितं," जाळीच्या आतून, प्रेसच्या मागून आवाज आला. हैबती तिथं उकिडवा बसला होता. त्याचं डोकं आणि एक अख्खा हात साच्यात होता. नारळाचा चोथा आणि कुंकू साच्यात राहिलं तर उद्याची झाकणं खराब निघतील, म्हणून तो निवांतपणे फडक्यानं कोपरे पुसत होता. किल्ली कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे त्याला कसलीच घाई नव्हती.

ताम्हणकरांनी जाळीला धरलं. त्यांच्या आवाजात आता दसऱ्यानंतरची धमकी नव्हती, भिंतीवरचं घड्याळ नव्हतं.

"हैबतराव," ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या. आम्ही थांबलोय."

हैबतीनं कोपरे पुसले, फडकं झटकलं, बाहेर आला, दार लावलं. ताम्हणकरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "तेवीस."

तेव्हा कुठं बनुबाईनं पदराची गाठ सोडली.